‘खातं बंद होणार’ म्हणे! मेलबद्दल तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी पोस्टानं अन् व्हॉट्सॲपवर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याच्या वर एकाच गोष्टीचे, ‘मेल आला, खात्याची माहिती मागतो, खरा का खोटा’. तेव्हा सातबारा, फेरफार, पीकविमावाल्यांनी थोडं थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेतो. नावं कोणाचीच छापली नाहीत, जवळपास सगळ्यांनीच तसं कळवलं होतं, गावात कळलं तं लोक हसतात म्हणून. हसणाऱ्यांनाही असेच मेल येतात, ते सांगत नाहीत एवढंच.

प्रश्न : भाऊ, मले बँकेचा मेल आला. वर बँकेचा शिक्का, खाली मॅनेजरची सही. ‘आपले केवायसी अपूर्ण आहे, २४ तासांच्या आत खाते क्रमांक, एटीएम कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे व जन्मतारीख भरावी, अन्यथा खाते गोठवण्यात येईल’ असं लिवलं हाय, खाली निळं बटन. पोट्टं म्हणते खरा हाय, काहून का माह्यं पुरं नाव अन् खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर हायेत. मी म्हणतो खोटा. पण पीएम किसानचे पैसे त्याच खात्यात येतात, बंद झालं तं पंचाईत. कोणाचं खरं?
(कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमचंच खरं, काका. पण पोराले बोलू नका, त्यानं जे पाहिलं तेच बहुतेक लोक पाहतात, शिक्का, नाव, आकडे. बैलबाजारात आपण झूल पाहून सौदा करत नाही, दात पाहतो, अन् इथं दात म्हणजे तो मेल मागतो काय ते. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, पिन, ओटीपी, पासवर्ड, यातली एकही गोष्ट कोणतीच बँक मेलवर मागत नाही, फोनवर मागत नाही, मॅनेजरसाहेब समोर बसले तरी मागत नाहीत. त्यांना ते लागतच नाही. खातं त्यांच्याचकडे आहे, मग खाते क्रमांक तुम्हाला कशाला विचारतील? हे मागितलं की तिथंच निकाल लागला, पुढचं काही तपासायची गरज नाही. तरी तुमच्या घरात वाद झालाय म्हणून बाकीचं पण सांगतो.

ते २४ तास. केवायसी, म्हणजे बँकेतली आपली ओळख-पत्त्याची तपासणी, ही गोष्ट खरी आहे, ते मधूनमधून नवं करावंच लागतं, आपल्यासारख्या साध्या, कमी जोखमीच्या खात्याचं १० वर्षांतून एकदा. पण रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये बँकांना सांगितलेला नियम असा आहे की मुदत संपायच्या आधी ग्राहकाला निदान तीनदा कळवायचं, त्यात एकदा तरी पत्रानं, आणि मुदत गेल्यावर सुद्धा परत निदान तीन आठवणी, त्यातही एक पत्र. एवढं सगळं होईस्तोवर महिने जातात, मग हे २४ तास आले कुठून? ते यासाठी की तुम्ही शाखेत जाऊ नये, कोणाला विचारू नये, घाबरून रात्रीच्या रात्री बटन दाबावं. दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी असा मेल आला तं समजून जा, दोन दिवस बँक बंद, विचारायला कोणी नाही.

नाव अन् चार आकडे बरोबर कसे, हा पोराचा मुद्दा. आठवून पाहा, पासबुकाची झेरॉक्स आपण कुठंकुठं दिली, कृषी केंद्रात, सेतूवर, विम्याच्या वेळी, सिमकार्ड घेताना, पोराच्या ॲडमिशनला. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय नावं तं सरकारी वेबसाइटवर कोणीही पाहू शकते. त्यामुळं आपली माहिती समोरच्याकडे आहे म्हणजे तो बँकेचा, हे गणितच चुकीचं आहे, उलट अर्धी माहिती त्याच्याकडे आहे म्हणूनच उरलेली अर्धी मागतो.

पोराला मेलचा पत्ता पाहायला शिकवा. जीमेलमध्ये वर पाठवणाऱ्याचं नाव दिसते, ते नाव कोणीही काहीही टाकू शकते, मी ‘जिल्हाधिकारी यवतमाळ’ टाकलं तरी तेच दिसेल. नावाखाली ‘टू मी’ असतं, त्याच्या बाजूचा छोटा बाण दाबला की खरा पत्ता उघडतो. तिथं बँकेच्या नावापुढं आडवी रेघ, मग केवायसी, मग अपडेट, मग डॉट काहीतरी भलतंच, असं लांबलचक शेपूट दिसलं की कळते. निळ्या बटनावर बोट दाबून धरायचं, टॅप करायचं नाही, दाबून धरायचं, म्हणजे ते बटन कुठं नेणार तो पत्ता दिसतो. हा पत्ता शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ला लागून दोन तिरप्या रेघा असतात त्या सोडायच्या, त्यानंतर पहिली तिरपी रेघ येते तिच्या अगदी अलीकडचे शब्द कोणते ते पाहायचं, सुरुवातीला बँकेचं नाव शंभरदा असलं तरी त्याला अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर न्यायला लावल्या, आणि तो शेवट बँकेशिवाय दुसऱ्या कोणाला मिळत नाही. पण ‘बँक डॉट इन’ मधातच आलं अन् त्याच्यापुढं अजून डॉट देऊन काही जोडलेलं असलं तं तो पत्ता बँकेचा नाही. कुलूपाचं चित्र, एचटीटीपीएस वगैरेवर जाऊ नका, ते चोराच्या वेबसाइटलाही फुकटात मिळते.

आधी लोक सांगायचे की खोट्या मेलची भाषा तुटकी असते, स्पेलिंग चुकतात. आता ते विसरा. कॉम्प्युटरच मराठी लिहून देतो अन् आपल्या तहसीलच्या नोटिशीपेक्षा शुद्ध लिहितो.

करायचं काय? मेलनं दाखवलेल्या रस्त्यानं जायचंच नाही, आपल्या रस्त्यानं जायचं. पासबुकावर शाखेचा नंबर असतो तो लावा, नाही तं बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाता तेव्हा शाखेत विचारा की माझं केवायसी बाकी आहे का. आणि पीएम किसानची ई-केवायसी अन् बँकेची केवायसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरेच जण इथंच फसतात. पीएम किसानची त्यांच्या पोर्टलवर, ॲपवर किंवा सीएससी केंद्रात होते, ओटीपीनं, अंगठ्यानं नाहीतर चेहरा दाखवून, तिला एटीएम कार्ड लागतच नाही.

प्रश्न : मी फक्त मेल उघडला, काही भरलं नाही. फोन हॅक झाला का? रात्रभर झोप नाही.
(कॉलेजची विद्यार्थिनी, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : नाही, झोपा निवांत. नुसता मेल वाचून खात्यातले पैसे जात नाहीत. लिंक दाबून पान उघडलं अन् काही न भरता बंद केलं तरी बहुतेक वेळा काही होत नाही. फक्त सोबत कोणती फाइल डाउनलोड झाली का ते पाहा, विशेष करून शेवटी ‘एपीके’ असलेली. ती ॲपची फाइल असते, ती इन्स्टॉल केली अन् मेसेज वाचायची परवानगी दिली तं ओटीपी आपल्या आधी त्याला दिसतात. डाउनलोड झाली असेल पण इन्स्टॉल केली नसेल तं उडवून टाका. इन्स्टॉल केली असेल तं आधी नेट बंद करा, मग ॲप काढा, अन् दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

प्रश्न : मी जि. प. शाळेत शिक्षिका आहे. ‘तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे, खाते चालू ठेवण्यासाठी पडताळणी करा’ असा मेल आला. पगारपत्रकाची घाई होती, मी लिंकवर जाऊन ईमेल आणि पासवर्ड टाकला. नंतर नेहमीचंच जीमेलचं पान आलं त्यामुळे काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या दोन-तीन जणींना माझ्या नावानं मेल गेले, ‘सोबतची फाइल पाहावी’ म्हणून. मी पासवर्ड बदलला. एवढं पुरे ना सर?
(वाचक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : पुरे नाही ताई, पण सुरुवात बरोबर केली. पासवर्ड घेऊन झाल्यावर खऱ्या जीमेलवर सोडून देणं ही त्यांची नेहमीची चाल आहे, माणसाला वाटते लॉगिन झालं, विषय संपला.

आता शांतपणे बसून हे करा, शक्यतो स्वतःच्या फोनवर, शाळेच्या कॉम्प्युटरवर नको. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी भागात ‘युअर डिव्हायसेस’ असतं, तिथं तुमचं खातं कोणकोणत्या फोन-कॉम्प्युटरवर उघडं आहे ते दिसते, जे ओळखीचं नाही ते साइन आउट करा. मग रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरला तं खातं परत मिळवायचा, मोबाइल अन् दुसरा ईमेल तपासा, चोर पहिलं काम काय करतो तं तिथं आपला नंबर टाकून ठेवतो, म्हणजे तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो परत बदलू शकतो.

त्यानंतरची गोष्ट बहुतेक लोक पाहतच नाहीत, अन् मला वाटते सगळ्यात वाईट तीच आहे. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ हे दोन्ही पाहा. तिथं चोरानं असं लावून ठेवलेलं असू शकते की तुम्हाला येणारा प्रत्येक मेल त्याच्या पत्त्यावर पण जाईल, किंवा ज्या मेलमध्ये ‘बँक’, ‘ओटीपी’, ‘पासवर्ड’ हे शब्द आहेत ते थेट कचऱ्यात जातील, म्हणजे बँकेनं इशारा दिला तरी तुम्हाला दिसणार नाही. पासवर्ड दहादा बदलला तरी हे तसंच चालू राहते. अनोळखी पत्ता दिसला की काढून टाका.

मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी तुमच्या फोनवरच्या मंजुरीशिवाय आत शिरणं फार अवघड होते. आणि एक प्रश्न मी विचारतो, उत्तर मला नका सांगू, तोच पासवर्ड शालार्थ, यूडायस या शाळेच्या कामाच्या पोर्टलला, नेटबँकिंगला पण आहे का? असेल तं आजच्या आज तिथंही बदला. ज्या मैत्रिणींना मेल गेले त्यांना मेल करून सांगू नका, फोन करा, केंद्राच्या ग्रुपवर टाका, लाजायचं काही कारण नाही, तुम्ही लवकर सांगितलं तं पुढच्या चार जणी वाचतात.

राहिला तो ९८ टक्क्यांचा. गुगल १५ जीबी जागा फुकट देते, जीमेल, ड्राइव्ह अन् फोटो तिन्ही मिळून, आणि ती भरत आली की गुगलचा खरा मेल पण येतो, त्यामुळं लोक गोंधळतात. पण किती भरलं ते ॲपमध्ये आपल्या फोटोवर टॅप केलं की दिसते, मेलमधल्या लिंकवर जायची गरज नाही, अन् जागा भरली म्हणून ‘पडताळणी’ कोणी मागत नाही.

प्रश्न : माह्यं ऑनलाइनचं दुकान आहे. लोक मोबाइल घेऊन येतात अन् ‘दादा हा मेल पाय’ म्हणतात. गावातल्या बऱ्याच जणांचे जीमेल मीच काढून देले, पासवर्ड वहीत लिवून हायेत, नाही तं लोक विसरतात अन् मलेच शिव्या देतात. हे धोक्याचं हाय का? अन् मले पण मेल येतात, ‘तुमची सीएससी आयडी बंद होईल’ म्हणून.
(ता. मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : दादा, एवढा सरळ प्रश्न विचारला त्याचंच कौतुक. हो, धोक्याचं आहे, अन् तुमच्यासाठीच जास्त. फॉर्म भरायला ईमेल लागतो म्हणून घाईत काढलेला, पासवर्ड नावापुढं ॲट अन् १२३, रिकव्हरीला दुकानाचाच मोबाइल नंबर, असे मेल विदर्भातल्या गावागावात आहेत. ज्याच्या नावानं मेल आहे त्याला तो उघडताच येत नाही, आणि उद्या कोणाच्या खात्यातून काही गेलं तं पहिला संशय वहीवर येईल, तुम्ही कितीही सरळ असा.

वही फाडा असं मी एकदम म्हणत नाही, लोकांची खरंच पंचाईत होईल. जो गिऱ्हाईक येईल त्याच्या मेलमध्ये त्याच वेळी रिकव्हरीला त्याचाच नंबर टाका, पासवर्ड त्याच्याच हातानं बदलून घ्या अन् तुम्ही तोंड फिरवा, मग वहीतली ती ओळ खोडा. म्हाताऱ्या माणसाला घरच्या एखाद्या लेकरासोबत बोलवा. दुकानाच्या ब्राउझरमध्ये ‘सेव्ह पासवर्ड’ विचारलं की नाही म्हणायचं, काम झालं की साइन आउट.

तुमच्या आयडीचा मेल म्हणजे एका कुलपाची नाही, अख्ख्या गल्लीची चावी मागणं आहे, कारण त्या आयडीवर गावाची कामं चालतात. पोर्टलचे पत्ते बुकमार्क करून ठेवा अन् रोज तिथूनच उघडा. गुगलवर नाव टाकून वरचं पहिलं दाबायची सवय सोडा, वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली जाहिरात असते, तिथं पैसे देऊन कोणीही बसते. लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट वेबसाइटपासून सावध राहा असं सरकारला सांगावं लागलं होतं. राज्य सरकारच्या पोर्टलचा शेवट बहुतेक ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असाच असतो, एवढं गिऱ्हाइकांना पण दाखवत जा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे. ‘गटाला अनुदान मंजूर, खात्री करा’ असा मेल आला. सचिव बाईनं माहिती भरली, मंग फोन आला, तिनं ओटीपी सांगितला अन् १८ हजार गेले. बँकेत गेलो तं म्हणे ओटीपी तुम्हीच दिला, आता काही होत नाही. गटात भांडणं लागली. खरंच काही होत नाही का?
(अध्यक्ष, ता. मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : काहीच होत नाही असं नाही. सगळे पैसे येतील असं पण सांगत नाही, खोटी आशा दाखवणारे आधीच खूप आहेत.

पहिलं, १९३० ला फोन लावला का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. हा सायबर फसवणुकीसाठी देशभराचा नंबर आहे, अन् तो फक्त तक्रार लिहून घेत नाही, पैसे ज्या खात्यात गेले तिथं बँकेला कळवून ती रक्कम थांबवायचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतो अन् एटीएममधून काढतो, म्हणून पहिला एक-दोन तास फार मोलाचा. उशीर झाला असला तरी तक्रार कराच, मधातल्या एखाद्या खात्यात रक्कम अडकलेली असू शकते. फोन लावताना पासबुक, तारीख, वेळ, रक्कम अन् व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा, यूपीआय असेल तं तो १२ आकड्यांचा असतो. लाइन लागली नाही तं ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर तक्रार भरता येते.

दुसरं, बँकेचं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला याचं परिपत्रक काढलं होतं. त्यात ग्राहकाची काहीच चूक नसेल, बँकेची पण नसेल, कोणी तिसऱ्यानंच गडबड केली असेल, अन् ग्राहकानं ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तं त्याच्यावर एक रुपयाचाही भार नाही. पण ओटीपी स्वतः सांगितला तं ती ग्राहकाची निष्काळजी धरली जाते, तिथं बँक म्हणते ते अर्धं खरं आहे. अर्धं का म्हणतो, तं त्याच परिपत्रकात आहे की ग्राहकानं कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणून तोंडी सांगून येऊ नका. लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख-वेळ टाकून शिक्का घ्या. तुम्ही कळवल्यावर परत काही रक्कम गेली आहे का ते स्टेटमेंट काढून मिनिटागणिक तपासा, गेली असेल तं ती सोडू नका. ३० दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

पोलिसांत पण जा. ठाणेदार म्हणाले की हे आमच्या हद्दीत येत नाही, तं नम्रपणे सांगा की नव्या कायद्यात गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. आयटी कायद्याच्या ६६-डी कलमात असल्या तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सचिव बाईंबद्दल. गटाचे पैसे आहेत, राग येणारच, पण माझं स्पष्ट मत आहे की तिच्याकडून वसूल करायचा ठराव घाईनं करू नका. तिनं सांगितलं म्हणून तुम्हाला बँकेत तरी जाता आलं. तिला फाडून खाल्लं तं पुढच्या वेळी दुसरी बाई सांगणारच नाही, गुपचूप दागिना गहाण ठेवून भरेल. त्यापेक्षा गटाचा मेल अन् मोबाइल एकीच्याच हातात होता का, हे बैठकीत बोला.

अजून एक, यानंतर तुम्हाला एखादा मेल किंवा फोन येऊ शकतो, ‘आम्ही सायबर सेलकडून, तुमचे १८ हजार मिळाले, फक्त फी भरा’. तोच चोर असतो, नाही तं त्यानं विकलेल्या यादीवरचा दुसरा. परत येणाऱ्या पैशासाठी फी नसते, अन् पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

प्रश्न : तुमचा कॉलम वाचून मी बँकेचे सगळेच मेल डिलीट करतो. आता कळलं की पीककर्जाच्या नूतनीकरणाचा खरा मेल पण उडवला. आता काय?
(ता. मानोरा, जि. वाशीम)

उत्तर : हे पण होतं खरं! डिलीट केलेला मेल जीमेलच्या ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस राहतो, तिथं पाहा, सापडेल. पण सापडला तरी त्यातली लिंक दाबू नका, त्यातली तारीख फक्त वाचा अन् पासबुक घेऊन सरळ शाखेत जा. किसान क्रेडिट कार्डाचं पीककर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत ७ टक्क्यांनी असते अन् वेळेत भरलं तं ३ टक्के सूट मिळते, आपल्या राज्यात वर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, दोन्हीला अट वेळेत भरण्याचीच, त्यामुळं तारीख हुकवू नका. यापुढं बँकेचे मेल डिलीट करू नका, राहू द्या पडून, फक्त त्यातलं बटन दाबायचं नाही. आणि जो स्पष्ट खोटा वाटतो तो उडवायच्या आधी वरच्या तीन ठिपक्यांमध्ये जाऊन ‘रिपोर्ट’ करा, तसले मेल मग दुसऱ्यांच्या इनबॉक्समध्ये पण कमी जातात.